बोटीचं नाव

बाबा, गेल्या आठवड्यात गावकीच्या अध्यक्षांचा फोन आला होता, तुमच्या बोटीचं नाव विचारायला. आपल्या वाडीत देवळाशेजारी नवं सभागृह बांधून झालंय. आत भिंतीवर वाडीचं नाव काढलेल्या माणसांचे फोटो लावायचेत आणि प्रत्येकाच्या खाली संगमरवराची पाटी. एक पोलिसातले, एक कुस्तीवाले, एक गिरणीत युनियन चालवलेले, आणि तुम्ही. "ताई, फोटो हाय आमच्याकडं, तो सफेद कोटातला, सोनेरी बटनांचा. बाकी पन समदं हाय. नुसतं बोटीचं नाव नाय. पाटीवाला तुमच्या महाडातलाच हाय, त्याचं काम अडलंय," अध्यक्ष म्हणाले. मी वर्गावर निघाले होते, एका हातात खडूची पेटी, दुसऱ्यात हजेरी. "सांगते," म्हटलं आणि फोन बंद केला. त्या तासाला सातवीच्या पोरांना मी काय शिकवलं, देवाला ठाऊक. तेव्हापासून जिवाला चैन नाही. भाजी करपते, चष्मा सापडत नाही, बोटं सारखी टेबलावर चालतात. काल मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मीटिंग चालू आहे, तबला थांबवा." तबला म्हणे! त्यांना काय सांगणार, कपाळ?

कसली बोट आणि कसलं नाव! अहो, भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलात तरी तुम्हाला ओकाऱ्या व्हायच्या. तुम्ही मुंबईच्या मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवायचात. आणि मुळात तुम्ही खोटं बोललाही नव्हतात, हीच तर सगळ्यात चीड आणणारी गोष्ट आहे. आईला बघायला तुम्ही वरंधला गेलात, तेव्हा आजोबांनी विचारलं, मुलगा काय करतो. तुम्ही सरळ सांगितलंत, "जाझ वाजवतो." आपल्याकडे जहाजाला जाज म्हणतात. त्यात आजोबा कानाने जड. "जाजावर? झकास!" म्हणाले आणि मांडीवर थाप मारली. तुम्ही चूक दुरुस्त करायला तोंड उघडलंत, तेवढ्यात तुमच्या मामांनी चिमटा काढला आणि पोह्यांची बशी पुढे आली. मामांना ठाऊक होतं की त्याच आजोबांनी आधीच्या एका स्थळाला तोंडावर सांगितलं होतं, बाजेवाल्याच्या घरात पोर देण्यापेक्षा विहिरीत ढकलीन. तुम्ही पोहे खाल्लेत. लग्न ठरलं. झालं, तिथून पुढे सगळा जन्म तुम्ही बोटीवर.

त्यात तो कोट! हॉटेलच्या बँडचा पोशाख तो, पांढराशुभ्र, पितळी बटणांचा. त्यातला फोटो तुम्ही हौसेने घरी पाठवलात आणि वाडीने ठरवून टाकलं की हा तर कप्तानच झाला. आपल्या घराला जाजवाल्यांचं घर असं नाव पडलं ते आजतागायत. तुम्ही शिमग्याला, गणपतीला यायचात, पोरं अंगणात गोळा व्हायची. "काका, समुद्रात मासा केवढा आसतो?" "मोठा आसतो," तुम्ही म्हणायचात. तेवढंच. बरं, गंमत अशी की खरोखरच्या बोटीवर वाजवायची नोकरी तुम्हाला एकदा चालून आली होती, परदेशी जाणारी बोट, रोज वाजवायचं आणि फुकट जग बघायचं. घेतली असतीत तर सगळं एका झटक्यात खरं झालं असतं. पण नाही म्हणालात. का, तर म्हणे मळमळतं. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी हसून हसून लोळले होते आणि तुम्ही रुसला होतात.

मला कळलं ते सातवीत असताना. फळ्यावरचं दिसेना म्हणून डोळे दाखवायला तुम्ही मला मुंबईला नेलंत. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, सगळं धुरकट झालं, आणि तुम्हाला दुपारच्या तालमीला हजर राहायचं होतं. पोरीला ठेवणार कुठे? हॉटेलच्या मागच्या दाराने मला आत घेऊन गेलात. टेबलांवर खुर्च्या उलट्या घातलेल्या, फिनेलचा वास, कोणीतरी फरशी पुसतंय. एक म्हातारे गोव्याचे बँडमास्तर होते. "छोकरी को उधर बिठाओ," म्हणाले. मला नीट दिसतच नव्हतं, म्हणून मी तुम्हाला आधी ऐकलं. एक पाय एक सांगतोय, दुसरा पाय दुसरं, एक हात तिसरंच काहीतरी बडबडतोय, आणि तरी भांडण नाही. आपल्या घरात चार माणसं अशी एकदम बोलली असती तर शेजारी धावत आले असते. मग हळूहळू दिसायला लागलं. ड्रमच्या मागे बनियनवर बसलेला एक माणूस, कपाळावर घाम, ओठ मुडपलेले. घरी पाणी मागतानाही "जरा देतीस का" म्हणणारा माणूस तिथे "पुन्हा! पुन्हा!" म्हणून ओरडतोय. मला तुम्ही ओळखूच येईनात. थोड्या वेळाने तुम्ही उठून त्या लोखंडी पट्ट्यांच्या वाद्याशी गेलात, व्हायब्राफोन म्हणतात त्याला हे मला मागाहून कळलं, हातात चार काठ्या धरलेल्या. मग कोणी आलं नव्हतं म्हणून त्याचं ते माणसाएवढं उभं व्हायोलिन घेऊन बोटांनी छेडत राहिलात. मग ट्रंपेट. मला वाटलं, आता हे खुर्च्याही वाजवतील. तुम्ही घाम पुसायला गेलात तेवढ्यात मी काठी उचलली आणि मोठ्या झांजेवर दणका घातला. सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. काठी काढून घेतलीत. "आधी गप बसता येतंय का बघ. वाजवायचं ते मागनं." मी रडले. आजही आठवलं की नाक लाल होतं. परतीच्या एसटीतून पोलादपूरला उतरताना पिशव्या सावरता सावरता तुम्ही म्हणालात, "आईला नको सांगू हां. तिला वाटेल, फसवलं." मी मान हलवली.

बाकीचं तुम्ही मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंत, तेही विचारून विचारून दमल्यावर. मिसरूड फुटायच्या आत वाडीतून निघालात, मुंबईत गावकीच्या खोलीत पथारी टाकलीत, त्या हॉटेलात कपबश्या विसळायला लागलात. चमचे घेऊन ताटल्यांवर वाजवत बसायचात म्हणून मुकादमाच्या शिव्या खायचात. एकदा बँडच्या ड्रमवाल्याला कावीळ झाली आणि बँडमास्तरांनी भांडी घासणाऱ्या पोराला वर बोलावलं. ओल्या हातांनी बसलात ते बसलातच. सहावी नापास माणूस, पण त्यांनी शिकवल्यावर ते कागदावरचे काळे ठिपके तुम्ही पेपर वाचावा तसे वाचायचात. "एका वाद्याने बारा महिने पोट भरत नाही," असं ते म्हणायचे म्हणून तुम्ही दिसेल ते वाद्य शिकत गेलात. सिनेमाच्या गाण्यांतही वाजवलंत, कुठे बोंगो, कुठे व्हायब्राफोन, एका गाण्यात तर नुसती शिट्टी. नाव कुठेच नाही. गणपतीत घरी रेडिओ लागला आणि त्यातलं एखादं गाणं आलं की आई भाकरी थापता थापता गुणगुणायची आणि तुम्ही आढ्याकडे बघत बसायचात. मी तुमच्याकडे बघायचे. काय जीव खालीवर व्हायचा माझा तेव्हा! आत्ता सांगतील, आत्ता म्हणतील, अगं हे मीच. छे. मग हॉटेलात टेप आल्या, मग ताल देणारी पेटी आली. ती चुकत नाही, चहा पीत नाही, रजा मागत नाही. बँडवाल्यांना नारळ मिळाला. तुम्ही घरी आलात आणि वाडीने बोटीवरून रिटायर झालेल्या माणसाचा शाल घालून सत्कार केला.

तुमचे ड्रम मात्र घरी आले नाहीत. ते महाडात उतरले, चाचांच्या लाकडाच्या वखारीत. चाचा आखातात बरीच वर्षं काढून परतलेले, तुमचे मुंबईपासूनचे दोस्त. तुम्ही आईला "बँकेत जाऊन येतो" म्हणायचात आणि पोलादपूरहून एसटी धरून वखारीत यायचात. तोवर मी महाडात शाळेत नोकरीला लागले होते, शाळा सुटली की मीही तिथेच. सागाच्या फळ्यांच्या मागे बसून तुम्ही मला शिकवलंत. कोणी गिऱ्हाईक दचकलं की चाचा शांतपणे म्हणायचे, "मशीन चालू आहे आत." शिकवताना तुम्ही कधी शाबास म्हणाला नाहीत. चुकलं की नुसते "हं" म्हणायचात आणि बरोबर आलं की चहा मागवायचात, त्यावरून मी ओळखायचे. मार्चात चवदार तळ्यावर गर्दी जमते, तेव्हा तुम्ही मुद्दाम मला घेऊन जायचात. पोरं आणि बाया डफ घेऊन ताठ मानेने गायच्या, बापजाद्यांची नावं घेऊन गायच्या. तुम्ही कडेला उभे राहून ऐकत राहायचात. एकदा म्हणालात, "बघ, ह्यांना काय लपवायला लागत नाय." मी म्हटलं, मग तुम्हाला तरी कोणी बांधून ठेवलंय? तर मला म्हणालात, चल, उशीर होतोय. तुमचं हेच! अडचणीचं काही आलं की तुमची एसटी सुटायची वेळ व्हायची.

तुम्ही गेल्यावर ड्रम वखारीतच होते. पुढे महाडात पाणी भरलं, त्या पुरात तुमचा मोठा ड्रम वखारीचं दार ढकलून बाहेर पडला आणि बाजारपेठेतून तरंगत गेला. चाचांच्या मुलाने डोळ्यांनी पाहिला. मी चिखल उपसत होते, कंबर मोडली होती, तरी मला हसू फुटलं, म्हटलं बाबांची बोट सुटली एकदाची. उरला तो लहान ड्रम, तोही चाचांनी आधीच माळ्यावर टाकला होता म्हणून. तो आता माझ्या घरी कपाटावर आहे, आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला.

तर आता हे बोटीचं नाव. दोन दिवस मी येड्यासारख्या घरात फेऱ्या मारल्या. एखादं नाव ठोकून द्यायचं तर काय अवघड, कोणीही विचारायला येणार नव्हतं. पण मग ते दगडात कोरलं जाणार, आणि तुम्ही जे खरोखर होतात ते माझ्याबरोबर संपणार. आणि खरं सांगायचं तर आई आहे. ऐंशीच्या घरातली बाई, आयुष्यभर जाजवाल्याची बायको म्हणून हळदीकुंकवाला पुढे बसलेली. तिला या वयात चारचौघांत कळायचं की नवऱ्याने फसवलं? म्हणजे तुमचं नाव राखायचं तर तिचं जातंय, आणि तिचं राखायचं तर तुमचं. बाबा, तुम्ही एका बशीभर पोह्यांसाठी मला हे कुठे आणून ठेवलंत, असं मी तुमच्या फोटोला मोठ्याने म्हटलं. शेजारीण दारात आली, काय झालं म्हणून.

शेवटी ठरवलं की वाडीला कळायच्या आधी आईला माझ्या तोंडून कळू दे. थंडीत तिचे गुडघे धरतात म्हणून ती माझ्याकडे येते आणि मी तिला जवळच्या सव गावी नेते, गरम पाण्याच्या कुंडावर. पायरीवर बसून तिने पाय पाण्यात सोडले होते, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलेलं, चेहऱ्यावर वाफ. मला धीर धरवेना. म्हटलं, "आई, बाबा बोटीवर नव्हते."

"ठाव हाय," ती म्हणाली. पाय हलवले नाहीत की मान वळवली नाही.

"काय ठाव हाय?"

"जाज वाजवायचे. ते डरम. मला बगाय आलते तवाच आयकलं मी. दाराआड व्हते. बा बहिरा व्हता, मी नाय."

"आणि तू बोलली नाहीस?"

"जाज वाजवतो म्हनाले. आता बोट कोन वाजवतो काय गो? बाला इचारलं तर म्हनाला, भोंगा वाजवीत आसंल. मी म्हटलं, आसंल बाबा." ती हसायला लागली. "मला मानूस आवडला व्हता. दाराच्या फटीतनं हात दिसायचे त्यांचे, गुडघ्यावर बोटं सारकी चाललेली. बोलले आसते तर लगीन मोडलं आसतं."

मी अक्षरशः किंचाळले. पलीकडच्या बायका वळून बघायला लागल्या. मी तिला म्हटलं, अगं मग इतकी वर्षं? ते जन्मभर भीत राहिले, वखारीत लपून वाजवत राहिले, तू एका शब्दाने सांगितलं असतंस तर?

"मी कशापायी सांगू? त्यांची गोष्ट, त्यांनी सांगायची. दर शिमग्याला वाटायचं, यंदा सांगतील. गनपतीला वाटायचं, आता सांगतील. झोपंत माझ्या पाठीवर ताल धरायचे, मी जागी ऱ्हाऊन आयकायची." मग पाण्यात पाय हलवत म्हणाली, "बोटीवर काय नि बोटांवर काय, घर चाललं ना?"

बाबा, मला तुम्हा दोघांचा इतका राग आला! दोघांना एका पाटावर बसवून बडवावं असं वाटलं. ती दाराआड थांबलेली, तुम्ही दाराबाहेर, आणि मध्ये मी, पोटात गुपित घेऊन पोरवयापासून तळमळणारी. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं, आणि आई मलाच म्हणते, "रडतंस काय गो येवढी घोडी झालीस ती?" मी विचारलं, पाटीवर काय लिहू मग? "खरं ते लिव. बा गेला, सासू गेली. आता कोनाचं लगीन मोडतंय?"

रिक्षात बसल्यावर तिने हळूच विचारलं, "कसं वाजवीत गो? तुला येतं ना? तू बी जायचीस की वखारीत." म्हणजे तेही ठाऊक होतं! घरी आल्यावर मी कपाटावरचा ड्रम काढला, खुर्चीवर ठेवला आणि तुमचे ते तारांचे ब्रश हातात घेतले. ती कॉटवर मांडी घालून बसली. मी संथ लय धरली, तुमची आवडती, ब्रश नुसता कातड्यावरून गोल फिरवायचा आणि मध्येच हलकेच टिपायचा. ती जरा वेळ ऐकत राहिली. "ह्ये सूप हाय," म्हणाली. मी थांबले. मग मला सांगावंच लागलं, की बँडमास्तरांनी एकदा तुम्हाला विचारलं होतं, हा ब्रश तू कुठे शिकलास, असा इथे कोणी वाजवत नाही. आणि तुम्ही म्हणाला होतात, घरी पडवीत बसलो की बायको तांदूळ पाखडते, त्यातनं घेतला. आईने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाली, "थांबलीस कशाला? वाजव की." मी वाजवत राहिले, चहाचं आधण आटून गेलं.

तिच्यासमोरच मी अध्यक्षांना फोन लावला. म्हटलं, बोट नव्हती, बाबा जॅझ वाजवायचे. "तेच म्हनतोय ना आमी, जाजावर." जहाज नव्हे हो, जॅझ, बाजा! "लग्नाच्या बँडात?" हॉटेलात, म्हटलं, आणि सिनेमाच्या गाण्यांत, आणि एकच नाही, लिहून घ्या, ड्रम, व्हायब्राफोन, ट्रंपेट, बोंगो. ते एकेक शब्द फोड करून लिहीत होते. "येवढं समदं येकच मानूस?" एकच, म्हटलं. माझा आवाज चढला होता, आई पदराने तोंड झाकून हसत होती. शेवटी ते चाचरत म्हणाले, "पन ताई, पाटीवाल्यानं कोपऱ्यात लहान बोट कोरून ठेवलीय. ती कशी काढायची?" आई कॉटवरून म्हणाली, ऱ्हाऊ दे म्हनावं, बरी दिसंल. तर बोट राहिली आहे, बाबा. मळमळलं तर डोळे मिटून घ्या.

एवढं झाल्यावर मला खरं म्हणजे मोकळं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी आई भाजी निवडत बसली होती, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गो, येक सांग. मला ठाव व्हतं, ह्ये त्यांना ठाव व्हतं काय?"

मला इस्पितळातली ती दुपार आठवली. तुम्ही माझं मनगट धरलं होतंत, आवाज फुटत नव्हता, तरी विचारलंत, "तिला नाय ना कळलं?" त्यानंतर तुम्ही नीट असं काही बोलला नाहीत. मी आईकडे पाहिलं. मेथीची काडी हातात धरून ती थांबली होती. आणि मी म्हटलं, "हो आई. ठाऊक होतं त्यांना. मला म्हणाले होते, तुझ्या आईपासून काय लपतंय."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

हे पत्र मी घरात ठेवणार नाही, फाडून टाकणार आहे. शेजारची पोर आईला पेपरपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं वाचून दाखवते आणि माझ्या घरात काहीही तिच्या हाती लागतं. पण आई कधी ना कधी तिकडे येईल, आणि आल्या आल्या तुम्हाला तेच विचारेल. हो म्हणा, बाबा. मी तसं सांगून बसलेय.